सदतिसाव्या पानावरचा झेंडा

नाना, तुमची खुर्ची रिकामी राहिली नाही. पंधरा दिवसही नाही. खिडकीखालची, एक पाय तोकडा असलेली, तुम्ही पुठ्ठ्याची घडी सारून सरळ केलेली ती खुर्ची. तिच्यावर आता सोनाली बसते, पोलीस भरतीचं गाईड मांडीवर घेऊन. पहिल्या दिवशी मी तिला म्हणणारच होते, की बाई गं, ही जागा नानांची. पण बसण्याआधी तिने खाली वाकून पुठ्ठा नीट सरकवला, आणि मग मी रजिस्टर पुढ्यात ओढलं. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "बसू द्या ओ ताई, खुर्ची काय माझ्या नावावर हाय व्हय?" आणि मग तासभर उभ्याने पेपर वाचून आम्हा सगळ्यांना लाजवलं असतंत.

हे लिहायला बसले ते तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमामुळे. वस्तीतल्या विहारासमोर मांडव होता, दौंडहून तुमचे रेल्वेतले जोडीदार आले होते, आणि तुमच्या मुलाने अचानक माझ्या हातात माईक दिला. "ग्रंथपालताई दोन शब्द बोलतील." बावीस वर्षं, नाना. बावीस वर्षं रोज संध्याकाळी पाच-चाळीसला तुम्ही वाचनालयाच्या पायरीवर चपला काढल्यात, आणि मी माईकसमोर काय बोलले? "नाना आमचे नियमित वाचक होते." एवढं बोलून खाली बसले. नियमित वाचक! एवढं तर मी कुणालाही दाखल्यावर लिहून देते. घरी येईपर्यंत माझा मलाच राग आला. तेव्हा जे मांडवात जमलं नाही ते आता सांगते. त्यात एक कबुलीही आहे. तुमच्या तोंडावर ती द्यायचा धीर मला कधीच झाला नाही.

आपली ओळख झाली तो दिवस आठवतो का? मी या गावात सून म्हणून नवीन, आणि ग्रंथपाल म्हणून त्याहून नवीन. माहेर माझं भीमेच्या पलीकडचं, शिरूर तालुक्यातलं, वढू बुद्रुकच्या अंगाला. त्यामुळे पुढे कितीही वर्षं झाली तरी मी चिडले की तुम्ही म्हणायचात, "शिरूरकर तापल्या." वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची दीड खोली, सहा लोखंडी कपाटं, एक टेबल आणि यवतच्या बाजारातून आणलेला एक पंखा. त्याची मान अध्यक्षांच्या खुर्चीकडे वळली की तिथेच अडकायची. तुम्ही आलात, "जयभीम ताई" म्हणालात, मी घाईघाईने "नमस्कार" म्हणाले. मग तुम्ही कपाटातून एक पुस्तक काढलंत, मधलंच एक पान उघडलंत, मान हलवलीत आणि ठेवून दिलंत. दुसरं काढलंत, तेही ठेवलंत. मला वाटलं, पानं फाटली आहेत का ते तपासायला कुणी वरचा माणूस आला. तिसरं पुस्तक उघडल्यावर मात्र तुमचा चेहरा खुलला. "ह्ये न्हाई वाचल्यालं."

ही भानगड मला तेव्हा माहीत नव्हती. आपल्या सगळ्या पुस्तकांना एकाच तपकिरी कापडाचं बाइंडिंग, पाठीवरची नावं पुसट झालेली. वाचलेलं पुस्तक चुकून परत घरी येऊ नये म्हणून प्रत्येक जुना वाचक आतमध्ये गुपचूप एक खूण करून ठेवायचा. पान ठरलेलं आणि खूणही ठरलेली. शिंपीकाकांची एकविसाव्या पानावर फुली. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंची पन्नासाव्या पानाच्या कोपऱ्यात बारीक बरोबरची खूण, वही तपासल्यासारखी. काही जुन्या पुस्तकांत अकराव्या पानावर एक तांबूस ठिपका असायचा. तो कुणाचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं, मी आपलं समजायचे की कुणाचे तरी मसाल्याचे हात. आणि तुमचा, सदतिसाव्या पानावर, समासात खालच्या बाजूला एक छोटासा झेंडा. काठी आणि तिकोन. तुम्ही रेल्वेत गार्ड, तुमच्या हातात असायचा तसा.

सदतीसच का, हे मी तुम्हाला निदान चार वेळा विचारलं आणि चारही वेळा वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणालात, सदतिसाव्या वर्षी घर बांधलं. एकदा म्हणालात, लेखकाला छत्तीस पानं माफ, सदतिसाव्याला निकाल लावायचा. खरं कारण काय होतं ते आता मला कधीच कळणार नाही, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता कबुली. मी पुण्याला ग्रंथपालनाचा कोर्स करून आले होते. पुस्तकावर वाचकाने काहीही लिहिणं म्हणजे घोर अपराध, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे दर शनिवारी दुपारी, तुम्ही यायच्या आत, मी परत आलेली आणि टेबलावर पडलेली सगळी पुस्तकं पुढ्यात घ्यायचे, ड्रॉवरमधून खोडरबर काढायचे, आणि सगळ्यांच्या खुणा पुसून टाकायचे. शिंपीकाकांची फुली, बाईंची खूण, तुमचा झेंडा. तांबूस ठिपका तेवढा पुसला जायचा नाही. एक-दोन वर्षं नाही, नाना. अगदी परवापरवापर्यंत.

त्याचा जो व्हायचा तो परिणाम झालाच. तुम्ही तीच तीच पुस्तकं पुन्हा वाचायला लागलात. घरी नेलीत तर दोनच मिळणार, म्हणून तुम्ही बहुतेक सगळं खुर्चीत बसूनच वाचायचात, त्यामुळे रजिस्टरलाही काही कळायचं नाही. एक दिवस पुस्तक मिटून तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात, चेहरा अगदी गंभीर.

"ताई, एक तक्रार हाय. आजकालचे लेखक एकमेकांचं उचलाया लागल्यात."

"असं कसं म्हणता नाना?"

"ह्या कादंबरीत शेवटाला मास्तर गाव सोडून जातो. मागं एक वाचली हुती, तिच्यातबी मास्तर जात हुता. बरं, त्येच्या सायकलीचा रंगबी त्योच. हिरवा."

मी रजिस्टरमध्ये मान घालून म्हणाले, "योगायोग असेल." तुम्ही "आसंल बा" म्हणून परत खुर्चीत जाऊन बसलात. मी पदर तोंडाला लावून हसत होते, आणि आतून घाबरलेही होते. त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. पण मी नियमाला धरून चालणारी बाई. चूक कबूल करायचा नियम कोर्सला शिकवला नव्हता.

मग विस्ताराचं आलं. वरच्या मजल्याला मंजुरी मिळाली, पिलर उभे राहिले, आणि गावात एकदम सगळ्यांना वाचनालयाबद्दल मत सुचलं. जे कधी पायरी चढले नव्हते तेही रस्त्यात अडवून विचारायचे, "ताई, वर काय करणार?" हॉल एकच निघणार होता. तो अभ्यासिकेला द्यायचा की पुस्तकांना, यावर दोन तट पडले. शेवटी अध्यक्ष आबांनी मला सांगितलं, टेबलावर एक वही ठेवा, लोकांना लिहू द्या. आबा ऊसवाले बागायतदार, कारखान्याच्या राजकारणात मुरलेले. भांडण वहीत गेलं की निम्मं मिटतं, हे त्यांना चांगलं ठाऊक.

काय एकेक मतं आली नाना, तुम्ही मी मिळून वाचायचो आणि हसायचो. एकाने लिहिलं, हॉल काढताच आहात तर साखरपुड्यापुरता मोठा काढा. एका आजोबांनी लिहिलं, मजला वाढवण्यापेक्षा खोली लांबवा, गुडघे दुखतात. खुटबावहून येणाऱ्या दोघी बहिणींनी लिहिलं, आधी बायकांसाठी संडास, मग ज्ञान. त्याखाली मी लाल पेनाने दोन रेघा मारल्या आणि तुम्ही म्हणालात, "ह्ये एक नंबर." सोनालीने पानभर लिहिलं होतं. घरी एकच खोली, टीव्ही, पाव्हणेरावळे. अभ्यासाला दौंडला जायचं तर एसटीत आणि स्टँडवर निम्मा दिवस जातो. मला फार काही नको, एक शांत टेबल हवं. ते वाचून तुम्ही चष्मा पुसलात.

पण स्वतःच्या मताला तुम्ही चिकटूनच होतात. तुमची पहिली नोंद तुमच्या नावानिशी होती. बोलताना आपली गावची बोली, पण लिहायला बसलात की तुम्ही एकदम शुद्ध: "कथा-कादंबऱ्यांची कपाटे वरच्या हॉलमध्ये, उजेडात असावीत. गाईड हे पुस्तक नव्हे, ते वेळापत्रक आहे." दुसऱ्या दिवशी वहीत नवीन नोंद. "आम्हा बायकांना दुपारी वाचण्यास कादंबऱ्याच लागतात. एक गृहिणी, १७.४०." तिसऱ्या दिवशी, "शेतकऱ्याचा खरा मित्र म्हणजे कथासंग्रह. एक शेतकरी, १७.४५." चौथ्या दिवशी चक्क एक तरुण वाचक उगवला, १७.५०. उभा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून प्रत्येक स्टेशनाची वेळ लिहिण्यात गेलेला. नाव बदलायचं तुम्हाला सुचलं, वेळ टाकायची सवय काही सुटली नाही.

आणि गंमत म्हणजे, वहीत गाईडला नावं ठेवून झाली की हेच तुम्ही खिडकीपाशी सोनालीची उजळणी घ्यायचात. "मनमाडला जायाला दौंडावरनं कंचा मार्ग? नगर कुठं लागतं? ह्ये गाईडात चुकलंय बघ, मी सोता गेलोय तिथनं." ती पोरगी तुमच्या शब्दावर गाईडात पेनाने दुरुस्ती करायची. ते पुस्तक तिचं स्वतःचं होतं म्हणून मी गप्प बसायचे.

आपलं भांडण मात्र खरं होतं. मी अभ्यासिकेच्या बाजूची. माझा सरळ हिशेब, की हॉल पूर्ण मोकळा द्यायचा, सगळी कपाटं खालच्या मागच्या खोलीत हलवायची, आणि दहा वर्षांत ज्या पुस्तकांची रजिस्टरला नोंद नाही ती बाद करायची.

"नाना, पोरींना बसायला जागा नाही आणि तुम्हाला कपाटांची पडलीय."

"पोरींना जागा द्या की. मी कुठं न्हाई म्हनतो? पर कपाटं मागच्या अंधारात टाकली की संपली बघा. तिथं कोन जानार हाय, उंदरं?"

"दहा वर्षं ज्याला कुणी हात लावला नाही, ते कोण वाचणार?"

"कोन म्हनलं हात लावला न्हाई?"

"रजिस्टर म्हणतंय."

"रजिस्टर म्हंजी गाव न्हाई, ताई."

हे वाक्य मी हसण्यावारी नेलं. उलट मला वाटलं, आता नानांकडे बोलायला काही उरलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. गावबैठक होती, शाळेच्या पटांगणात. मी वहीतली मतं वाचून दाखवत होते. तुमच्या त्या नोंदी मी गाळून पुढे जाऊ शकले असते. पण मला जिंकायचं होतं. मी मोठ्याने वाचलं, "एक गृहिणी, १७.४०," आणि वर मान करून विचारलं, "आपल्या गावात संध्याकाळच्या पाच-चाळीसला सतरा-चाळीस म्हणणारी गृहिणी कोण हो?" सगळं पटांगण हसलं. शेतकऱ्याची नोंद वाचली, तरुण वाचकाची वाचली, लोक खुर्च्या धरून हसले. तुम्हीही हसलात. उभं राहून म्हणालात, "ताई, सिग्नल चुकला माझा," आणि टाळी घेऊन खाली बसलात. बैठकीत ठराव झाला. हॉल पूर्ण अभ्यासिकेला, कपाटं मागच्या खोलीत, दहा वर्षांत न गेलेली पुस्तकं बाद. यादी मी करायची.

मग चार दिवस तुम्ही आला नाहीत. बावीस वर्षांत तुमचे चार खाडे कधी झाले नव्हते. पाच-चाळीसला मी उगाच दारात येऊन उभी राहायचे. पाचव्या दिवशी आलात, हातात स्टीलचा डबा. "गुऱ्हाळावर गेलतो. ताजा गूळ हाय, पोरांला द्या." डबा कोमट होता. मी गूळ काढून घेतला, डबा घासून पुसून परत दिला. त्या डब्याबरोबर तीन शब्द द्यायचे होते, "नाना, माझं चुकलं," ते तेवढे दिले नाहीत. उद्या बोलू, परवा बोलू, असं करत राहिले. आणि तुम्ही आजारी पडलात, पंधरा दिवसांत आटोपलंत. सगळी हयात वेळापत्रकावर काढलेल्या माणसाने असं वेळेआधी निघून जायचं असतं होय?

तर पुढचं ऐका. हे तुम्हाला सांगायला मी कधीची टपलेय.

तुमच्या कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात मी यादीला बसले. दुपार होती, खिडकीतून ऊन आडवं टेबलावर आलेलं. पहिलंच पुस्तक काढलं. रजिस्टरप्रमाणे ते कितीतरी वर्षांत कुणी नेलेलं नाही. सवयीने सदतिसावं पान उघडलं. पान कोरं, माझ्या रबराचं काम चोख. मिटणार तेवढ्यात पुस्तक हातात जरा तिरकं झालं, उन्हाची तिरीप पानावरून घसरली, आणि समासात झेंडा दिसला. शिसं नव्हतं, पण खोबण होती. बोट फिरवलं तर बोटाला लागली. मागची चार पानं उलटली, तिथेही उमटलेली.

मग लक्षात आलं. रेल्वेत तुम्ही सगळं कार्बन घालून लिहायचात, खालच्या तिसऱ्या प्रतीवर उमटायला हवं म्हणून जोर देऊन. तो हात निवृत्तीनंतरही हलका झाला नाही. तुमच्या दाबामुळे माझ्या टेबलावरच्या कितीतरी पेन्सिलींची टोकं मोडली, त्यावरूनही आपली बाचाबाची व्हायची. मी वरचं शिसं पुसत राहिले, पण तुमचा झेंडा कागदात खाली गेलेलाच होता.

आणि एक नाही, नाना. त्या पानावर शेजारी शेजारी तीन होते. दुसऱ्या पुस्तकात दोन. मास्तरांच्या त्या कादंबरीची दुसरी एक जुनी प्रत आहे, तिच्यात चार. मी खुर्चीवरून उठले ती थेट कपाटापाशी, आणि एकेक पुस्तक खिडकीत धरून बघत बसले. शिंपीकाकांची फुलीसुद्धा सापडली, ते कात्री चालवतात तशीच पेन्सिल चालवतात. बाद करायच्या यादीतली निम्मी पुस्तकं कुणी ना कुणी वाचलेली होती. इथंच बसून, नाहीतर गल्लीतल्या एकाच्या कार्डावर पाच घरांनी. रजिस्टर म्हणजे गाव नाही. तुम्ही सरळ मराठीत सांगत होतात, आणि मी बैठकीत तुमचं हसं केलं. त्या दुपारी मी तिथेच जमिनीवर बसून रडले. रडता रडता हसूही येत होतं, कारण तेव्हा समजलं की मी तुम्हाला तीच गोष्ट चार-चारदा वाचायला लावली होती.

पुढच्या कमिटीच्या मीटिंगला मी पिशवीत सात पुस्तकं घालून गेले आणि ती आबांसमोर ठेवली. आबांनी एक उघडलं.

"ताई, ह्ये काय? कोऱ्या पानात काय बघायचं?"

"उजेडात आडवं धरा आबा."

त्यांनी चष्मा कपाळावर सारून पान डोळ्यापाशी नेलं. "आयला, झेंडा हाय की. गार्डनाना?"

"नानाच. आणि ते मी पुसत होते. बावीस वर्षं."

"का वो?"

"कोर्सला शिकवलं होतं."

झालं. अख्खी कमिटी हसायला लागली. एक जण म्हणाला, नाना वाचत हुते आन् ताई त्यांचं वाचन खोडत हुत्या. चांगली पाच मिनिटं सगळे माझ्यावर हसले. पटांगणातली तुमची परतफेड झाली, असं समजा.

हसता हसता आबा दुसरं पुस्तक चाळत होते, आणि चाळता चाळता एकदम थांबले. अकरावं पान. तोच तांबूस ठिपका. आबांनी त्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ काढलं नाही.

"ह्ये आईचं कुंकू हाय," ते म्हणाले.

आबांची आई जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही सगळे समजत होतो, त्यांना अक्षरओळख नव्हती. आबाही तसंच समजत होते.

"पोथीलाबी ती आसंच बोट टेकवायची, जिथवर ऐकली तिथवर. आम्हाला वाटायचं, वाचून दुसरंच कुनीतरी दावतंय. माझ्या कार्डावर पुस्तकं यायची घरी. मला वाटायचं, बायको वाचती. बायकोला वाटायचं, मी वाचतो." मग त्यांनी उरलेल्या सगळ्या पुस्तकांचं अकरावं पान उघडून पाहिलं. सातातल्या चारांत ठिपका होता. चौथ्या ठिपक्यापाशी आबांनी उपरणं डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "ताई, ती यादी फाडा."

यादी फाडली, नाना. आणि हॉलही ठरला. मधोमध अभ्यासाची टेबलं, तिन्ही भिंतींना कपाटं, पुस्तकं खिडक्यांच्या उजेडात. मला धाकधूक होती की पोरं कुरकुरतील, म्हणून आधी सोनालीला विचारलं. ती म्हणाली, "राहू द्या की ताई. गाईडातनं डोकं वर काढल्यावर बघाया कायतरी पायजेच की." बायकांचा संडास त्याच ठरावात मंजूर झाला, खुटबावच्या बहिणींनी पेढे वाटले. सध्या वर रंगाचं काम चालू आहे. तुमची खुर्ची वर न्यायची का, असं रंगारी विचारत होता. मी सांगितलं, न्यायची, पुठ्ठ्यासकट. म्हणजे भांडणात तुम्ही जिंकलात आणि मीही जिंकले, फक्त हे एकमेकांना सांगायला आपण दोघं एका जागी नाही. संध्याकाळी तुमची फार आठवण येते, नाना. पायरीवर चपला वाजल्या की अजून मान वर होते.

इथवर लिहून मी कागद मिटणार होते. पण काल तुमच्या मंडळी, माई, आल्या, तुमच्याच वेळेला. दारात उभ्या राहून पिशवीतून पुस्तक काढलं.

"ह्ये त्यांच्या उशाशी हुतं. शेवटाला ह्येच वाचीत हुते. मुदत कवाच टळली आसंल."

"मुदत राहू द्या हो माई, आत या, बसा."

मी बघितलं, तर मास्तरांचीच कादंबरी. हिरव्या सायकलवाली. माईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पुस्तक घेऊन खिडकीत गेले. सदतिसावं पान. झेंडा होता, ताजा, शिशाचा, कुणीही न पुसलेला. जरा वाकडा आलाय, पडल्या पडल्या काढलेला. आणि त्याखाली, एकदम शुद्ध:

"ताई, पाचव्यांदा वाचले. तुम्ही खुणा पुसता हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. त्यामुळे मास्तर दर वेळी नव्याने गाव सोडतो आणि मला दर वेळी वाईट वाटते. खुशाल पुसत जा. ०६.१५."

म्हणजे सगळं ठाऊक होतं. ती लेखकांच्या चोऱ्यांची तक्रार करताना तुम्ही पोटातल्या पोटात हसत होतात, आणि मी पदराआड. इतकी वर्षं!

माई म्हणाल्या, "काय लिव्हलंय?" मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आसंच हाय त्यांचं," आणि हसल्या. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा हसल्या असतील.

मग मी ड्रॉवर उघडला. रबर बाजूला सारलं आणि पेन्सिल घेतली. बावीस वर्षांत वाचनालयाच्या पुस्तकावर मी एक टिंब दिलेलं नाही. काल दिलं. तुमच्या ओळीच्या खाली, तुमच्यासारखं दाबून, टोक मोडेपर्यंत, म्हणजे माझ्यानंतर कोर्स करून कुणी नवीन ग्रंथपाल आली आणि रबर घेऊन बसली तरी खाली चार पानं उमटलेलं राहील. लिहिलं, "नाना, माझं चुकलं. न्हाई पुसनार."

आणि वेळ टाकली. १७.४०.